गावाकडच्या बंद घरात पायाला काहीतरी चावायलंय. ढेकूण, पिसवा की गोचीड? (मदत हवी आहे)

घाटमाथा
नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबी रोडवरून आत. आम्ही सगळे बेळगावात, त्यामुळं शिमग्यानंतर घराला कुलूपच. गणपती तोंडावर आले म्हणून रविवारी मी, आई आणि मोठे काका साफसफाईला गेलो. माजघरात जरा इकडंतिकडं केलं आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत चावे सुरू. कमरेच्या वर एकही नाही. काकांच्या पांढऱ्या पायजम्यावर तिळापेक्षा बारीक, गडद तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं काहीतरी दिसलं. चिमटीत धरायला गेलो तर टुणकन उडी मारून गायब. एक सापडलं, ते बोटांनी चिरडेना, शेवटी नखावर नख दाबून मारलं.

आता प्रत्येकाचं मत वेगळं. शेजारच्या काकू म्हणतात ढेकूण, गाद्या उन्हात टाका (ऊन कुठं आहे ह्या पावसात!). काका म्हणतात जंगलाकडेचं घर, गोचीडच असणार, माकडताप व्हायचा, पोरांना आणूच नका. आई म्हणते माळ्यावर मांजर व्यालं होतं, त्याच्या पिसवा. खानापुरात दुकानदारानं शेतात मारायचं एक औषध दिलंय, पंपानं घरभर मारा म्हणाला. बाटली अजून फोडलेली नाही, कारण घरात रांगणारं बाळ येणार आहे.

नक्की काय आहे हे, माकडतापाची भीती खरी का, आणि हे औषध मारू की नको? लवकर सांगा की.

मलप्रभाकाठ
जळवा नाहीत ना? ह्या दिवसात तिकडं बुटात हमखास निघतात.

घाटमाथा
नाही हो. जळू चावलेली कळतसुद्धा नाही, रक्त थांबेना झालं की मग कळतं. आणि जळू उडी कुठं मारते?

जुनाडॉक्टर
आईंचं बरोबर आहे, पिसवाच. ढेकणाला उडी मारता येत नाही. तो चपटा पण आडवा, मसुरीच्या डाळीएवढा, आणि रात्री झोपल्यावर उघड्या अंगाला कुठंही चावतो. पंख नसलेलं, उभं चेपलेलं, उडी मारणारं आणि घोट्याशी चावणारं म्हणजे पिसू. गोचीडही उडत नाही, ती कातडीला चिकटून दिवसेंदिवस बसते.

बंद घरात इतक्या कशा, याचंही कारण आहे. मांजराच्या अंगावरची अंडी खाली गळतात, अळ्या जमिनीच्या भेगांत, धुळीत वाढतात आणि मग कोष करतात. त्या कोषात पिसू कित्येक महिने गप्प बसून राहू शकते. माणसाच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास लागला की बाहेर. तुम्ही दार उघडलंत म्हणजे त्यांना जेवायला बोलावल्यासारखंच झालं.

माकडतापाचं म्हणाल तर तो आजार खरा आणि वाईट. 1957 मध्ये आपल्याच शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पण तो जंगलातल्या गोचिडीपासून होतो, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. काजूच्या हंगामात रानात जाल तेव्हा काका म्हणतात ती काळजी जरूर घ्या. घरातल्या पिसवांमुळं तो होत नाही.

शेतातलं औषध घरात अजिबात मारू नका. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकवतं आणि तेच हात तोंडात घालतं. धान्यातल्या कीटकनाशक गोळ्याही ठेवू नका, त्या वायूनं बंद खोलीत माणसं दगावलीत.

मांजराचं अंथरूण, जुनी पोती जाळा. कपडे, चादरी उकळत्या पाण्यात. भेगा खराट्यानं खरवडून रोज झाडा, केर आत ठेवू नका. मग घरात वापरायला परवानगी असलेलं कीटकनाशक, तेही माहितगाराकडून. कोषावर औषध पोचत नाही, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं. कमी झाल्या का ते बघायला पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घरभर फिरा. रात्री दिव्याखाली पसरट ताटात साबणाचं पाणी ठेवलं तर सकाळी पिसवा त्यात मेलेल्या दिसतील.

एक विचारायचं राहिलं. घरात मेलेले उंदीर दिसले का? प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळंच पसरतो. तसं काही असेल तर हात न लावता आधी आरोग्य केंद्रात कळवा.

घाटमाथा
उंदीर एकही नाही, मांजर होतं ना! खूप आभार डॉक्टर. ते मांजर आणि पिल्लं आता शेजारच्या गोठ्यात आहेत. काकांकडं कुत्र्याची पिसवांची पावडर आहे, तीच लावू का?

जुनाडॉक्टर
नको! कुत्र्याच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रीन असतं, मांजराला ते विष आहे. जनावरांच्या डॉक्टरला विचारून मांजराचंच औषध आणा. पिल्लं लहान असतील तर बारीक दातांच्या फणीनं विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाका.

घाटमाथा
बरं. शनिवारी परत जातोय, बाटली दुकानदाराला परत. जमीन शेणानं सारवलेली आहे, भेगा मोप. गणपतीआधी वरून नुसतं सारवून घेतलं तर चालतं, की आधी भेगा मातीनं लिंपायच्या? कुणी केलं असेल तर सांगा.

मलप्रभाकाठ
आधी खरवडून झाडून घ्या, मग भेगा लिंपा, सारवण शेवटी. आणि लुंगी नको, पँट मोज्यात खोचून जावा.