मदत हवी आहे: वॉटर रिपेलंट फिनिशच्या रसायनाबद्दल

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रावर, आहे. छत्रीचं कापड पाणी धरू नये म्हणून त्याला फ्लुओरोॲक्रिलेटचं, म्हणजे फ्लोरिन असलेल्या रसायनाचं, फिनिश देतात आणि साधारण १६० अंशांवर पक्कं करतात. त्या वाफेने त्याचे डोळे चुरचुरतात, रात्रभर खोकला. तोंडाला फक्त रुमाल! रेणूत आठ कार्बनची साखळी असलेल्या जुन्या मालातून पुढे पीएफओए हे निसर्गात टिकून राहणारं घातक रसायन तयार होतं, २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या (अशा टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत गेलं, एवढं मी वाचलंय. सहा कार्बनचा मालही निसर्गात टिकतोच. ड्रमवर नुसतं 'सी६' (म्हणजे सहा कार्बन) लिहिलंय. सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) मालकाकडे कशी मागावी, त्यात नेमकं काय बघावं? वाफेसाठी कोणता मास्क चालतो? या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा, फार काळजी वाटतेय.