एफएचए कर्जावरचा मासिक विमा कधी थांबतो? सल्ला हवा

कोलंबसकर:
नमस्कार. ओहायोतील कोलंबस येथे चार लाख डॉलरचे पहिले घर घेण्याचा आमचा विचार आहे. गेल्या वर्षी ग्रीनकार्ड मिळाले, क्रेडिट स्कोअर ६६० आहे आणि हाताशी साधारण २५,००० डॉलर आहेत. बँकेने साडेतीन टक्के डाउन पेमेंटचे एफएचए (फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या योजनेतले) कर्ज सुचवले. तिने पाठवलेल्या लोन एस्टिमेटच्या (कर्जाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या) पहिल्या पानावर मुद्दल-व्याजाखाली ‘मॉर्गेज इन्शुरन्स’चे दरमहा १७६ डॉलर आणि दुसऱ्या पानावर एकरकमी ६,७५५ डॉलर दिसतात. भारतात भावाच्या गृहकर्जासोबत बँकेने आयुर्विमा दिला होता, तसाच हा असावा असे मी धरून चाललो होतो. घराच्या किमतीच्या २० टक्के रक्कम फिटली की हा खर्च आपोआप थांबतो, असे आमचा एजंट म्हणतो. ते खरे आहे का?

ताम्हण:
आपल्या भावाचा विमा कुटुंबासाठी होता. हा बँकेसाठी आहे. आपण हप्ते थकवले तर बँकेचे नुकसान एफएचए भरून देते, आणि त्या हमीची किंमत मात्र आपण मोजता. १९३४ पासून ही व्यवस्था चालू आहे आणि तिच्यामुळेच कमी स्कोअरवाल्यालाही कर्ज मिळते, म्हणून तिला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही.

आपले आकडे बरोबर आहेत. १४,००० डॉलर वजा जाता कर्ज ३,८६,००० उरते; त्याचे १.७५ टक्के म्हणजे ६,७५५. ही रक्कम बहुतेक लोक कर्जातच मिळवतात, म्हणजे तिच्यावरही ३० वर्षे व्याज जाते. मासिक विम्याचा दर वर्षाला ०.५५ टक्के आहे. मार्च २०२३ पूर्वी तो ०.८५ होता.

एजंटचे म्हणणे मात्र चूक आहे. ‘बाकी कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आले की अर्ज करा, ७८ टक्क्यांवर आपोआप बंद’ हा नियम १९९८ च्या कायद्याने कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जाच्या खासगी विम्याला लागू होतो. एफएचए कर्जात डाउन पेमेंट १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर विमा कर्ज फिटेपर्यंत राहतो; १० टक्के किंवा जास्त भरल्यास तो ११ वर्षांनी थांबतो.

रानजाई:
ताम्हण यांच्याशी सहमत. आम्ही २०१६ मध्ये असेच कर्ज घेतले होते आणि २०२० मध्ये व्याजदर उतरल्यावर कन्व्हेन्शनलमध्ये रिफायनान्स केले (नवे कर्ज घेऊन जुने फेडले), तेव्हा कुठे विम्याची ओळ स्टेटमेंटवरून गेली. त्याच सुमारास घर घेतलेले आमचे शेजारी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिले. पुढे दर चढले आणि ते अजून जुन्याच ०.८५ टक्क्यांनी विमा भरत आहेत, कारण २०२३ ची कपात जुन्या कर्जांना मिळाली नाही. त्यामुळे ‘नंतर रिफायनान्स करू’ हा बेत व्याजदराच्या मर्जीवर आहे, हे ध्यानात असू द्यावे.

तरीही ६६० स्कोअरला मी एफएचए बाद करणार नाही. खासगी विम्याचा दर स्कोअर पाहून ठरतो आणि आपल्याला तो बराच महाग पडू शकतो. एफएचएचा दर स्कोअरनुसार बदलत नाही. एकाच दिवशी दोन्ही कर्जांचे लोन एस्टिमेट मागवा आणि पाच व दहा वर्षांत एकूण किती पैसे जातील ते मांडून पाहा.

(एच-१बी वर असलेल्या वाचकांसाठी: २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही.)

कोलंबसकर:
दोघांचेही आभार. १० टक्के म्हणजे ४०,००० आमच्या आवाक्याबाहेर आहेत. पाच टक्के भरल्यास काही फरक पडेल का?

ताम्हण:
दर ०.५० होईल आणि महिन्याला जेमतेम १८ डॉलर वाचतील. विमा शेवटपर्यंत राहीलच. त्यासाठी जास्तीचे ६,००० डॉलर घालून क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण करतानाच्या) खर्चाला हात रिकामा करू नये. उलट विक्रेत्याने त्या खर्चाचा वाटा उचलावा असे बोलून पाहा. एफएचए कर्जात विक्रेता किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत मदत करू शकतो.