हेतू खरा आहे का, हे तपासायचं कसं?

वाटसरू: शुभवर्तमानं (येशूचं जीवन सांगणारी बायबलमधली पुस्तकं) वाचणं आणि प्रार्थना दोन्ही सुरू आहे, पण नेमका कशाचा शोध चाललाय याचीच शंका येते. देवाचा, मनःशांतीचा, की आधीच घेतलेल्या निर्णयाला वचनाचा आधार मिळवण्याचा? 'अंतर्मुख व्हा' यापलीकडे ख्रिस्ती परंपरेत काही ठोस रीत आहे का?

सायंप्रार्थना: आहे. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांचं रोजचं आत्मपरीक्षण. रात्री १५ मिनिटं पुरतात. आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा निश्चय. हेतू सापडतो तो उजळणीत. आज काय मागितलं? कुठल्या ओळीवर खूश होऊन थांबलात, कुठली घाईने ओलांडली? ओलांडलेली ओळ सहसा जास्त बोलते.

बिघडतं ते प्रकाश मागणं गाळल्यामुळे. मग आरोपी आपण, वकील आपण आणि न्यायाधीशही आपणच. बायबलमधल्या स्तोत्र १३९ च्या शेवटी 'देवा, तू माझं मन पारख' अशी विनवणी आहे ती उगीच नाही.

आणि पवित्र शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल ती ओळ उत्तर मानणं बंद करा. त्यात आपल्याला हवं तेच सापडेपर्यंत पानं उलटली जातात. मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा, १६च अध्याय आहेत. नको असलेल्या ओळीही वाटेत येतील.

जुना_वाचक: वरचं पटलं, पण हेतू निर्मळ होईपर्यंत थांबू नका. योहानाच्या शुभवर्तमानात (६:२६) येशू लोकांना तोंडावर सांगतो, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. तरी हाकलत नाही. 'मीच जीवनाची भाकर' हे बोलणं त्याच गर्दीपुढे होतं. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला (अध्याय ८) शिमोन तर बाप्तिस्मा घेतलेला, आणि तरी पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैशांनी मागतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला चांगलंच झापतो, पण पश्चात्तापाची वाटही दाखवतो. बाराव्या शतकातले मठवासी संत, क्लेअरव्हॉचे बर्नार्ड, प्रेमाच्या चार पायऱ्या सांगतात. स्वतःच्या भल्यासाठी देवावर प्रेम करणं ही त्यातली दुसरी. बहुतेक शोध तिथेच सुरू होतात.

उलट अति तपासणीच घातक. खुद्द इग्नेशियस स्पेनमधल्या मानरेसा गावी त्याच त्या पापांची कबुली देत राहिले, जीव द्यावा इथवर विचार गेले. १५ मिनिटं झाली की उठा. तरीही तेच घोळत राहिलं तर धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी बोला.

वाटसरू: मग स्वतःची फसवणूक चाललीय हे कळणार कसं?

सायंप्रार्थना: इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात तीन प्रकारच्या माणसांचं मनन आहे. प्रत्येकाला १०,००० डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळालेत आणि त्या पैशाचा मोह सुटावा असं तिघांनाही वाटतं. पहिला मरेपर्यंत उद्यावर ढकलतो. दुसऱ्याला मोह सुटायला हवा पण पैसा राहायला हवा, म्हणजे देवानेच त्याच्या मताला यावं. तिसरा ठेवायलाही तयार, सोडायलाही.

फसवणूक बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. प्रश्न एका वाक्यात लिहा. खाली नको असलेलं उत्तर, आणि ते खरं निघालं तर पुढच्या आठवड्यात काय बदलाल ते. ही जागा कोरी राहिली तर तुम्ही परवानगी मागताय, उत्तर नाही.

मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हाही इग्नेशियस यांचाच नियम. म्हणून कागदावर तारखेसोबत त्या दिवशी मन कसं होतं तेही लिहा.