दुष्काळ कधी संपणार, हे तारखेत सांगावे की अटीत?

कोरडवाहू :
पावसाळ्यामागून पावसाळा कोरडा जाऊ लागला की कुठल्याही विषयावरचे बोलणे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते, हे कधी संपणार? विचारणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. मोटार सुरू केली की आधी थोडे गढूळ पाणी येते, मग वाळू येते आणि मग पाइपातून नुसती हवा. विहिरीत माणूस उतरवून झऱ्यापाशी साचलेले पाणी वाटीवाटीने कळशीत भरावे लागते. अंघोळीचे पाणी कपड्यांना, कपड्यांचे फरशीला आणि फरशीचे दारातल्या झाडाला, असा एकाच बादलीचा क्रम ठरून गेलेला असतो. अशा घराला शेवटाची तारीख हवीशी वाटणारच. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांच्या हाती पाण्याचे निर्णय आहेत त्यांनी तारीख सांगण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी अट सांगावी : धरणांत इतका साठा झाला, निरीक्षण विहिरींची पातळी इतकी वर आली आणि टँकरवर अवलंबून असलेली घरे इतकी कमी झाली की निर्बंध उठतील, तोवर मधे कितीही मोठी सर येऊन गेली तरी उठणार नाहीत.

तारीख सांगू नये, कारण ती कोणालाच ठाऊक नसते. हंगामी अंदाज काही महिन्यांपुढचे असतात आणि तेही शक्यतेच्या भाषेत. एल निनो साधारणपणे ९ ते १२ महिने टिकतो एवढे सांगता येते, पण तो ओसरल्यावर नेमक्या कोणत्या खोऱ्यात किती पाऊस पडेल, हे त्यावरून ठरत नाही. सोमालिया, इथिओपिया आणि केनिया यांच्या मोठ्या भागात २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत लागोपाठ पाच पर्जन्यहंगाम वाया गेले. बियाणे पेरावे की राखून ठेवावे, हा निर्णय तिथल्या शेतकऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागला असणार, आणि कोणत्याही तारखेने त्याला त्यात मदत झाली नसती.

दुसरे कारण मला अधिक वजनाचे वाटते. पाऊस येणे आणि दुष्काळ संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१४ मध्ये दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याला भगदाड पडले आणि खालच्या भागातील सुमारे १,८८,००० लोकांना घरे सोडायला सांगावे लागले. त्या दिवशीही कागदोपत्री दुष्काळाची आणीबाणी चालूच होती. वरकरणी हा सरकारी गलथानपणा वाटतो. परंतु एप्रिलमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी आणीबाणी उठवली तेव्हाही फ्रेस्नो, किंग्ज, टुलारे आणि टुओलम्नी या चार परगण्यांना त्यातून वगळावे लागले, कारण तिथला पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. एका बाजूला पुराच्या भीतीने गाव रिकामे होत आहे आणि दुसऱ्या बाजूला घरची विहीर कोरडी आहे, अशा राज्यात एकच तारीख कोणाला सांगणार?

नगरवासी :
युक्तिवाद वाचायला बरा वाटतो, पण माणसे असे वागत नाहीत. केपटाउनला पाणी पुरवणाऱ्या धरणांच्या क्षेत्रात २०१५ ते २०१७ असे तीन हिवाळे (तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो) फार कमी पावसाचे गेले. पाणी जपून वापरण्याची आवाहने झाली, दर चढे झाले, दंड झाले, आणि तरीही वापर हवा तितका उतरेना. मग २०१८ च्या सुरुवातीला महापालिकेने एप्रिलमधला एक दिवस सांगितला : त्या दिवशी बहुतेक घरांचे नळ बंद होतील आणि माणशी २५ लिटर पाणी रांगेत उभे राहून न्यावे लागेल. १ फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा लागू झाली. शहराचा रोजचा वापर दुष्काळापूर्वीच्या मानाने निम्म्यावर आला, आणि तो ‘शून्य दिवस’ पुढे सरकत सरकत शेवटी आलाच नाही. लोकांना जाग आली ती कॅलेंडरावरच्या चौकटीमुळे. साठ्याची टक्केवारी कित्येक महिने रोज प्रसिद्ध होत होती, तिने हे साधले नव्हते.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. धरण काठोकाठ भरलेले डोळ्यांना दिसत असताना, ‘निरीक्षण विहिरींची पातळी अजून आलेली नाही’ म्हणून निर्बंध चालू ठेवले, तर लोक दोन महिने ऐकतील, तिसऱ्या महिन्यात वैतागतील आणि पुढच्या टंचाईत पहिल्या दिवसापासून दुर्लक्ष करतील. काटकसर ही उधार घेतलेली गोष्ट असते आणि ती परत करण्याची वेळ सांगितलीच पाहिजे.

भूजल :
मी मूळ मताच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. धरण भरलेले डोळ्यांना दिसते म्हणून ते खरे आणि विहिरीची पातळी दिसत नाही म्हणून ती सबब, हा हिशेब मला मान्य नाही. दीर्घ अवर्षणानंतर पडणारा पाऊस प्रथम वाळलेली माती भरून काढतो. मातीची ओल पुरी झाल्यावर उरलेले पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. आणि खोलवरच्या थरापर्यंत ते पोहोचेपर्यंत कुठे काही महिने, तर कुठे अनेक वर्षे जातात. पाऊस सरासरी गाठतो त्या वर्षी भूजल सरासरी गाठत नाही, ही यात अपवादाची गोष्ट नाही, नेहमीची आहे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण यापुढे जाते. तिथल्या आग्नेय भागात १९९७ च्या सुमारास सुरू झालेले अवर्षण २०१०-११ च्या ला निनाच्या पावसाने मोडले, आणि तो पाऊस असा होता की पूर आले. मात्र व्हिक्टोरिया राज्यातील नद्यांच्या पाणलोटांचा जो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की अवर्षण संपून सात वर्षे झाल्यावरही एक तृतीयांशाहून अधिक पाणलोट पूर्वस्थितीवर आले नव्हते. तेवढाच पाऊस पडूनही ओढ्यांत पूर्वीपेक्षा कमी पाणी येत होते. प्रत्येक मिलिमीटर पावसातला अधिक वाटा झाडेझुडपे बाष्पाच्या रूपाने परत हवेत सोडत असावीत, असे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले. पर्जन्यमापकाकडे पाहून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आकडेमोड :
भूजलाची अट घातली तर काही ठिकाणी दुष्काळ संपल्याची घोषणा कधीच करता येणार नाही, याचा विचार झालेला दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्याच सॅन होआकिन खोऱ्यात मेंडोटाजवळची जमीन भूजलाच्या उपशामुळे १९२५ ते १९७७ या काळात साडेआठ मीटरांहून अधिक खचली. खाली दबलेले चिकणमातीचे थर पुन्हा फुगून पूर्वीइतके पाणी घेत नाहीत. तिथे २०१४ साली भूजलाचा कायदा झाला, आणि सर्वाधिक उपसा झालेल्या खोऱ्यांना समतोल गाठण्यासाठी २०४० पर्यंतची मुदत मिळाली. तोवर आणीबाणीचे अधिकार चालू ठेवायचे काय? आणीबाणी ही अधिकाऱ्यांना सोयीची असते, कारण तिच्यात निविदा, सुनावणी, हरकती या साऱ्यांना फाटा देता येतो. शेवटाची अट जितकी अवघड, तितका तो सोयीचा काळ लांबतो.

पशुपालक :
आपण सर्वजण पाणी मोजत आहात, आणि दुष्काळात जगणारा माणूस दुसरेच काही मोजत असतो. वर ज्या पाच हंगामांचा उल्लेख आला, त्यांत त्या प्रदेशातील नव्वद लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३ च्या अखेरीस तिथे इतका पाऊस झाला की मोठे पूर आले. उपग्रहाच्या चित्रात कुरणे हिरवी झाली असतील आणि कुठल्याशा तक्त्यात दुष्काळाचा रंग पुसला गेला असेल. पण ज्याच्या दावणीला काही उरले नाही त्याच्यासाठी ते गवत कोणत्या उपयोगाचे? गाय गाभण राहिल्यापासून वासरू होईपर्यंत सुमारे नऊ महिने लागतात, उंटिणीला तेरा. त्या वासराची गाय होऊन ती दूध देऊ लागेपर्यंत आणखी तीनचार वर्षे जातात, आणि तीही मधे दुसरे अवर्षण आले नाही तर. कळप पुन्हा उभा राहण्याआधी पुढचा दुष्काळ येणे हेच आता सर्रास घडते. म्हणून तारीख की अट, हा वाद मला वरवरचा वाटतो. मदत कधी थांबवायची याचा निर्णय धरणाच्या टक्क्यांवर होणार असेल, तर ती नेमकी गरज असतानाच थांबेल.

आणखी एक. ‘कधी संपणार’ हा प्रश्न सोडून द्या, आजचा दिवस निभवा, असा उपदेश पाणीवाली शहरे नेहमी करतात. तो प्रश्न सोडून देणे म्हणजे उरलेली जनावरे आज विकायची की आणखी महिनाभर चारा विकत घ्यायचा, हा निर्णय डोळे मिटून घेणे होय. आम्हाला अंदाज हवा आहे, तो दहापैकी सहा वेळाच बरोबर येणारा असला तरी चालेल.

कोरडवाहू :
केपटाउनच्या उदाहरणात माझ्या मताला विरोध नाही, आधारच आहे. तो ‘शून्य दिवस’ मुळात एक अट होती : धरणांतील साठा १३.५ टक्क्यांवर उतरला की नळ बंद. तारीख ही त्या अटीवरून, त्या त्या आठवड्याच्या वापरावरून काढलेली आकडेमोड होती, म्हणून तर ती सारखी सरकत होती. ती सरकू लागली तेव्हा ‘आम्हाला घाबरवण्यासाठी केलेला हा बनाव होता’ असे म्हणणारे निघालेच. शिवाय श्रेय एकट्या शहरी काटकसरीचे नव्हते. शेतीच्या वाट्याचे पाणी मोठ्या प्रमाणात कापले गेले आणि शेतकऱ्यांच्या एका संस्थेने आपल्या साठ्यातले पाणी शहरासाठी सोडले. निर्बंध उठले तेही पायरीपायरीने : साठा सुमारे सत्तर टक्क्यांवर गेल्यानंतर ऑक्टोबर २०१८ पासून माणशी मर्यादा ७० लिटर झाली आणि डिसेंबरमध्ये १०५ लिटर. शहराने आपल्याला फसवले, असे या उतरणीमुळे कोणाला वाटले असेल असे मला वाटत नाही.

आणीबाणी लांबण्याची भीती रास्त आहे. त्यावर उपाय असा की, जुना उपसा आणि चालू अवर्षण यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. पन्नास वर्षांची उधळपट्टी आणीबाणीच्या हुकुमाने भरून निघत नाही; तिला कायमचा कायदा आणि उपशाचे मोजमाप लागते. अवर्षणाची अट म्हणून विहिरीची पातळी अवर्षणाच्या आधी जिथे होती तिथे येणे पुरेसे धरावे, तिने १९२५ सालची पातळी गाठण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. अंदाजालाही माझा विरोध नाही. अंदाज शक्यतेसह सांगावा, तो वचनासारखा सांगू नये, इतकेच.

पशुपालक यांचे म्हणणे मात्र माझ्या अटीत बसत नाही, आणि ते बसवता येईल असे मला वाटत नाही. निर्बंधांचा शेवट आणि मदतीचा शेवट या दोन वेगळ्या अटी असायला हव्यात; दुसरीत पाण्याऐवजी जनावरे, कर्ज आणि गाव सोडून गेलेल्यांचे परतणे मोजावे लागेल. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली कामे पाऊस आल्यावर गुंडाळली गेली नाहीत. त्यांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो याच जाणिवेतून.

आकडेमोड :
अंदाज चुकल्याची किंमत कोणी भरायची, हेही सांगा. मेलबर्नने अवर्षणाच्या ऐन भरात समुद्राचे पाणी गोडे करण्याचा वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प हाती घेतला. तो २०१२ च्या अखेरीस पूर्ण झाला तेव्हा धरणे भरलेली होती, आणि पुढची काही वर्षे त्यातून थेंबभरही पाणी मागवले गेले नाही. हप्ते मात्र ग्राहकांच्या बिलांतून जात राहिले.

भूजल :
२०१७ मध्ये त्यातून पाणी घ्यायला सुरुवात झाली, हे अर्धे वाक्य आपण गाळलेत. विमा उतरवल्यावर घर जळाले नाही म्हणून हप्ता वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. त्यापेक्षा कोणाची विहीर मोजायची, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. टुलारे परगण्यातील ईस्ट पोर्टरव्हिल या वस्तीत २०१४ पासून शेकडो घरांच्या उथळ विहिरी आटल्या, आणि त्याच खोऱ्यातल्या बागांच्या खोल बोअर चालू राहिल्या. सरकारी निरीक्षण विहीर खोल थरातली असेल तर ती ‘ठीक आहे’ असेच सांगेल. त्या घरांचा प्रश्न सुटला तो शेजारच्या शहराच्या जलवाहिनीला जोडून घेतल्यावर. ते काम २०१६ मध्ये सुरू झाले आणि २०१८ पर्यंत चालले. म्हणून अट ठरवताना सर्वांत उथळ विहीर मोजावी, असे माझे म्हणणे आहे.

नगरवासी :
उथळ विहिरीचे मान्य आहे. पण ईस्ट पोर्टरव्हिलच्या ज्या घरात दोन वर्षे अंगणातल्या टाकीतून पाणी भरले जात होते, त्या घराने अधिकाऱ्याला काय विचारले असेल? भूजलपातळी अमुक मीटरवर आल्यास जोडणी देऊ, हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेतले नसते. पाइप कोणत्या आठवड्यात दारापर्यंत येणार, हेच विचारले असणार. आणि ते सांगणे पूर्णपणे माणसांच्या हातात होते.