कार्लसनला घालवण्यासाठी वर्षाला पन्नास लाख डॉलर का मोजायचे?

बर्फावरचा_कोकणी
पिट्सबर्ग पेंग्विन्स या आपल्या आइस हॉकी संघाच्या धाग्यावर बचावपटू एरिक कार्लसनबद्दल 'उत्तरपेठ' यांनी काल लिहिलं, "कार्लसन 35 वर्षांचा झाला. याच, 2025 च्या, उन्हाळ्यात घालवा, अर्धा पगार पिट्सबर्गने सोसावा, मिळेल तो पिक घ्यावा." (घालवा म्हणजे दुसऱ्या संघाला द्या, ट्रेड करा; पिक म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतली एक पाळी.) तिथे दोन ओळींत उत्तर दिलं, पण डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

करार 2019 चा, आठ वर्षांचा, 9 कोटी 20 लाख डॉलरचा. वर्षाच्या 1 कोटी 15 लाखांतले 15 लाख त्याचा आधीचा संघ सॅन होजे भरतंय, आपल्या कॅपवर (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) 1 कोटी. अर्धे सोसले तर दोन वर्षं 50-50 लाख आपल्या डोक्यावर आणि माणूस दुसऱ्याच्या संघात! शिवाय असे सोसलेले करार एका वेळी तीनच ठेवता येतात, त्यातली एक जागा अडकली. 2023 ला तो आपल्याकडे आला तेव्हा कॅप 8 कोटी 35 लाख होती. 2025-26 ला 9 कोटी 55 लाख, त्यापुढच्या वर्षी 10 कोटी 40 लाख. तोच करार दरवर्षी हलका होत चाललाय. मग घाई कसली? आणि नो-मूव्ह कलम आहे, त्याच्या होकाराशिवाय काही हलत नाही.

उत्तरपेठ
कॅपचा हिशेब मलाही येतो. सॅन होजेत शेवटच्या वर्षी 101 गुण (गोल अधिक असिस्ट), तिसरी नॉरिस (सर्वोत्तम बचावपटूचा करंडक). आपल्याकडे 56, मग 53. त्याच्यासाठी दिलेला 2024 चा पहिल्या फेरीचा पिक चौदावा निघाला. पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) ब्लू लाइनपाशी, म्हणजे समोरच्यांच्या भागाच्या सीमेवर, त्याच्याकडून पक (चकती) सुटला की समोरचा थेट आपल्या गोलीवर, हे किती वेळा बघायचं? माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. 2022 नंतर 2025 पर्यंत आपण प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेरीला) नव्हतो, त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. मला त्याच्यासाठी नवा संघ हवाय.

मोनरोव्हिलची_मावशी
तुमचं "घालवा" वाचून अंगावर काटा आला. माझ्या नवऱ्याला 51 व्या वर्षी असंच घालवलं. काम वाईट नव्हतं, पगार जास्त होता. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडेना, दुपारी फोन आला. मुलगी बारावीत होती. नो-मूव्ह कलम म्हणजे दिलेला शब्द. 29 व्या वर्षी सही घेताना तो गोड लागला ना? मग शेवटपर्यंत पाळा.

ब्लूलाइन_बाबा
मावशी, वाईट वाटलं. पण इथे तुलना चुकते. ट्रेड झाला तरी कार्लसनचा एक डॉलर बुडत नाही. तुमच्या यजमानांना तसं कलम कोण देणार?

मोनरोव्हिलची_मावशी
पैशांचं मी बोललेच नाही! घर, शाळा, डॉक्टर, शेजार सगळं उचलून न्यायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

वऱ्हाडी_पक
मावशींना पूर्ण पाठिंबा. वडील सरकारी नोकरीत. चंद्रपूर, नंदुरबार, परत बुलढाणा. दहावीपर्यंत मी पाच शाळा बदलल्या. आई दर वेळी फळीवरचे डबे तेच ठेवायची, म्हणजे घर तेच वाटेल म्हणून.

ब्लूलाइन_बाबा
माझीही तीच कथा, तीन जिल्हे. पण त्याच बदल्यांमुळे मला कुठेही रुजता आलं. बदली म्हणजे शिक्षाच, हे मला पटत नाही.

वऱ्हाडी_पक
तुम्हाला रुजता आलं. माझी बहीण वर्षभर वर्गात कुणाशी बोलली नाही. तिला विचारा एकदा.

उत्तरपेठ
धागा हॉकीचा आहे. मावशी, "घालवा" शब्द जड होता, मागे घेतो. पण मुद्दा सोडत नाही. तरुण बचावपटूंना मिनिटं मिळणार कधी?

बर्फावरचा_कोकणी
मिनिटांचा मुद्दा खरा आहे, मान्य करावाच लागतो. त्याला बचावपटूंच्या दुसऱ्या जोडीत आणा, मीही ओरडणार नाही. पण हे विसरू नका : 2013 मध्ये आपल्याच मॅट कुकच्या स्केटने त्याची टाचेमागची अकिलीस कंडरा कापली आणि तो त्याच हंगामात परतला. 2017 ला पायाचं हाड चिरलेलं असताना त्याच्या तेव्हाच्या ओटावा संघाला आपल्याविरुद्धच्या मालिकेत सातव्या सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत नेलं. आपल्याकडे दोन्ही हंगामांत 82 पैकी 82 सामने खेळला. त्याचा आणि आपला कर्णधार क्रॉसबीचा, दोघांचाही करार 2027 ला संपतो. हे दोघं एकत्र शेवटचे दोन हंगाम खेळताना मला बघायचेत.

उत्तरपेठ
बघा. 15-20 लाख सोसून चांगला पिक मिळत असेल आणि तो स्वतः हो म्हणाला, तर ट्रेड करावा, इथवर मी खाली येतो. 50 लाखांचं माझं चुकलं.

बर्फावरचा_कोकणी
तो स्वतः हो म्हणाला तर माझंही काही म्हणणं नाही.