.३२ की .३८०? संधिवाताच्या हाताला पेलेल असे कॅलिबर

प्रश्न
स्वसंरक्षणासाठी परवाना काढून पहिलेच पिस्तूल घ्यायचे आहे. उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असल्याने स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढताना कळ येते, म्हणून ९ मिमी पॅराबेलम मी आधीच वगळले असून .२२ आणि एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) प्रकारातली .२५, .३२ व .३८० एवढीच काडतुसे विचारात घेतली आहेत; हे आकडे, म्हणजे कॅलिबर, गोळीचा ढोबळ व्यास इंचांत सांगतात. यांतली लहान गोळी खरोखर कामाची आहे का, की हलक्या शस्त्राच्या मोहात मी स्वतःचीच समजूत घालतो आहे?

उत्तर १
.२२ सोडून द्यावे, आणि तेही ताकदीपेक्षा भरवशाच्या कारणाने. हे रिमफायर काडतूस असल्यामुळे पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडाच्या काठात पसरलेले असते. काठाचा एखादा तुकडा कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथेच आपटली, तर नुसता ‘टक’ असा आवाज येतो. जॉन ब्राउनिंग यांच्या .२५ मध्ये पेट घेणारी टोपी बुडाच्या मधोमध असल्याने ती अडचण मिटली, पण ऊर्जा जेमतेम ९० जूल राहिली. .३२ ची साधारण १७०, .३८० ची २७० आणि ९ मिमीची ४७० जूलच्या आसपास असते.

उत्तर २
जूलचे आकडे बरोबर आहेत, मात्र त्यांवरून निवड करू नये. १९८६ मध्ये अमेरिकेतील मायामीत एफबीआय या तपास संस्थेच्या चकमकीत ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतर चाचणीसाठी मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरकाव हा निकष रूढ झाला. .३८० ची पोकळ टोकाची गोळी नीट फुलली की अनेकदा या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याहून कमी जोराच्या .२५ आणि .३२ मध्ये तर पूर्ण आवरणाची, न फुलता खोल जाणारी गोळीच बरी.

.३२ घेणार असाल तर मॅगझिन (काडतुसे ठेवायची पेटी) भरताना लक्ष द्या. या पुंगळीचा काठ किंचित बाहेर आलेला असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे सरकला, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही झटकली तरी सुटत नाहीत. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांना मॅगझिनमध्ये मागेपुढे मोकळी जागा मिळते, त्यामुळे त्यांत हे अधिक घडते.

उत्तर ३
मूळ गृहीतकच तपासावे असे मला वाटते, कारण स्लाइडचा कडकपणा केवळ कॅलिबरवर ठरत नाही. साध्या ब्लोबॅक पिस्तुलात स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यांवरच दाब रोखला जातो, म्हणून .३८० चे छोटे ब्लोबॅक पिस्तूल ओढायला जड आणि झाडताना हाताला झोंबणारे असते. झाडताना नळी क्षणभर स्लाइडशी कुलूपबंद होणाऱ्या रचनेत स्प्रिंग हलकी चालते. बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात तो आधी मागे घेतला की स्लाइड बरीच सैल लागते. बेरेटा कंपनीच्या काही लहान पिस्तुलांच्या नळीचे मागचे टोक वर उचलले जाते, म्हणजे पहिले काडतूस स्लाइड न ओढताच भरता येते. (लहान पिस्तूल खिशात मावते म्हणून झाडायलाही सुखद असते, हा समज दोन मॅगझिन झाडल्यावर उतरतो.)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही रचना हाताळून पाहिल्या. .३२ च्या ब्लोबॅकपेक्षा कुलूपबंद नळीचे .३८० मला सहज ओढता आले, हे अपेक्षेच्या अगदी उलट निघाले. आता त्याच पिस्तुलात पूर्ण आवरणाच्या आणि पोकळ टोकाच्या, अशा दोन्ही गोळ्या झाडून कोणती न अडकता चालते ते पाहणार आहे.