गिअर ऑइल दुधाळ निघालं तर

तुमच्या आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) खालच्या गिअरकेसमधलं, म्हणजे गिअरच्या पेटीतलं, तेल दुधाळ निघालं आणि कोणीतरी तुम्हाला 'नवीन भरा, चालेल' असं सुचवलंय. कृपया तेवढ्यावर थांबू नका. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय, आणि ते शिरण्याची वाट शोधल्याशिवाय नवीन तेलही तसंच होईल. बेअरिंगला गंज धरला की खर्च कितीतरी वाढतो.

आधी गिअरकेसच्या वरच्या आणि खालच्या भोकांना लावलेल्या दोन्ही प्लगखालचे (बुचांखालचे) वॉशर बघा. ते दर वेळी नवेच घालायचे, जुने चपटे झालेले पुन्हा वापरायचे नाहीत. मग प्रोपेलर काढा. शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असेल, तर तिनेच शाफ्टभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं सील कापलं असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या इंजिनात नेमकं हेच झालं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, प्रोपेलर काढल्यावर कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक हंगामात एकदा तरी तो काढून बघतो.

तेल खालच्या भोकातून पंपाने भरा. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय यायला लागलं की आधी वरचा प्लग लावा, मग पंप काढून पटकन खालचा. वरून ओतलंत तर आत हवा अडकते. चुंबकाच्या प्लगवर बारीक करडा लेप चालतो, पण धातूचे तुकडे दिसले तर गिअरकेस उघडावाच लागेल.

आणि हो, इंजिन पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं पंपाचं रबरी चाक) जातो.